फळ्यावरचा आकडा आणि विठ्ठलराव विखे पाटील

मॅनेजमेंटच्या पेपरात एक प्रश्न फिरून फिरून येतो. कंपनीने आखलेलं धोरण बरोबर चाललंय की नाही, हे कशावरून ओळखायचं? आपलं उत्तरही ठरलेलं असतं. नफा, विक्री, बाजारातला वाटा. तीन मुद्दे, प्रत्येकाखाली दोन ओळी, मार्क पदरात पडतात आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण जरा थांबून विचार केला तर लक्षात येतं की नफा कळतो तो वर्ष संपल्यावर, हिशेब तपासून झाल्यावर. धोरण चुकलं असेल तर तोपर्यंत पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. मग कारखान्याच्या आत, रोजच्या रोज, असं काय मोजावं की ज्यावरून आपण योग्य रस्त्याला आहोत की नाही ते कळेल?

या प्रश्नाचं उत्तर मी अमेरिकन पुस्तकात शोधत होतो. मला ते जास्त नीट सापडलं आपल्याच जिल्ह्यात. नगर-मनमाड रस्त्याने नागापूरची एम.आय.डी.सी. मागे पडली की विळद घाटात एक शैक्षणिक संकुल लागतं. त्याला ज्यांचं नाव दिलेलं आहे ते विठ्ठलराव विखे पाटील. तोच रस्ता धरून पुढे राहुरी, कोल्हार करत बाभळेश्वरला आलं की लोणीचा फाटा लागतो. लोणी बुद्रुक हे विठ्ठलरावांचं गाव. त्यांचं नाव आपण पाट्यांवर इतक्या वेळा वाचतो की माणूस कोण होता हे विचारायचंच राहून जातं. म्हणून हा लेख.

विठ्ठलरावांचा जन्म शतक उलटण्याच्या सुमाराचा, नारळी पौर्णिमेचा. त्यांच्या स्मरणार्थ राज्यात हा दिवस शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. शेतकऱ्याचं घर, शाळा जेमतेम चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण झालं ते बांधावर आणि चावडीवर. त्या काळचा नगर जिल्हा म्हणजे दुष्काळाचा जिल्हा. पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर कर्ज. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, कालव्यांना पाणी आलं आणि नदीच्या दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला. पाणी आलं म्हणजे लक्ष्मी आली असं कोणालाही वाटेल. तसं झालं नाही.

उसाचा गूळ करायचा आणि अडत्याच्या दारात न्यायचा, ही तेव्हाची रीत. भाव अडत्या ठरवणार. उसाला बारा-अठरा महिने पाणी, खत, मजुरी लागते, त्यासाठी सावकाराकडून उचल घ्यायची आणि गूळ विकून फेडायची. भाव पडला की जमीन गहाण. दुसरीकडे याच भागात हरेगावला बेलापूर कंपनीचा आणि टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्सचा, असे खासगी साखर कारखाने उभे राहिले. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात लावून देशी कारखान्यांना संरक्षण दिलं होतं, त्यामुळे धंद्याला बरकत होती. या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतःच ऊस पिकवला. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारी कालव्याचं आणि साखर कंपनीची. शेतकऱ्याच्या हातात खंडाचे पैसे, फार तर त्याच शेतावर मजुरी.

विठ्ठलरावांनी पहिलं पाऊल उचललं ते सावकारीच्या विरोधात. १९२३ साली लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी निघाली. गावातल्याच लोकांचा पैसा, गावातल्याच लोकांना कर्ज, रास्त व्याज. ऐकायला सोपं वाटतं. पण पतपेढी चालते ती एकाच गोष्टीवर: कोणी किती नेले आणि किती परत केले, याची वही सगळ्यांसमोर उघडी असली पाहिजे. वहीत गोंधळ झाला की विश्वास गेला आणि विश्वास गेला की पतपेढी गेली. मला वाटतं, पुढच्या सगळ्या कामाचं बीज इथे आहे.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. बागायतदारांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. विचार मांडणारे पुष्कळ असतात. विठ्ठलराव तो विचार घेऊन गावोगाव फिरले. ज्याच्याकडे रोकड नाही, ज्याने कंपनी म्हणजे काय ते फक्त बाहेरून पाहिलंय, अशा माणसाला शेअर घ्यायला लावायचं, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करा. शेतकऱ्यांचे शेअर, औद्योगिक वित्त महामंडळाचं कर्ज आणि मुंबई सरकारातले अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा, अशी मोट बांधून कारखाना उभा राहिला. १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. गाळप क्षमता रोज सुमारे ५०० टन. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. जिथे तो उभा राहिला त्याला पुढे प्रवरानगर हे नाव पडलं.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारखान्याचे पहिले अध्यक्ष विठ्ठलराव नव्हते. अध्यक्ष गाडगीळ झाले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. ज्याने पायपीट केली त्याने खुर्ची दुसऱ्याला दिली, तीही अशा माणसाला, ज्याचा एक गुंठाही ऊस त्या कारखान्याला येत नव्हता. आकड्यांकडे निर्लेप नजरेने पाहणारा माणूस डोक्यावर हवा, ही समज चौथी शिकलेल्या शेतकऱ्याला होती. आजच्या कंपन्यांत स्वतंत्र संचालक नेमतात, त्यामागे याहून वेगळं काय आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विठ्ठलरावांचं धोरण एका वाक्यात सांगता येतं. जो ऊस पिकवतो, साखरेतला पैसा त्याच्याच घरी गेला पाहिजे. हे धोरण साधतंय की नाही, ते नफ्यावरून कळेल का?

कळणार नाही. सहकारी कारखान्यात उरलेला पैसा उसाच्या भावात वाटला जातो. पहिला हप्ता, दुसरा हप्ता, शेवटी अंतिम भाव. शेअरवरच्या लाभांशाला कायद्यानेच मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे ताळेबंदाच्या तळाशी नफा जवळजवळ शून्य दिसतो. बाहेरचा माणूस तो पाहून म्हणेल, हा कारखाना बुडीत आहे. आणि उलटही होऊ शकतं. भाव कमी देऊन नफा फुगवून दाखवता येतो. तेव्हा ताळेबंद सुंदर, पण ज्यासाठी कारखाना काढला तो हेतू मेलेला. तोच आकडा एका कारखान्यात यश सांगतो आणि दुसऱ्यात अपयश. म्हणून आकडा वाचण्याआधी धोरण माहीत पाहिजे.

मग साखर कारखान्याच्या आत काय मोजतात? ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे शब्द पाठ असतील, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो.

सगळ्यात पहिला काटा. गाडी भरून येते, वजन होतं, रिकामी गाडी परत जाताना पुन्हा वजन होतं. काट्यावर विश्वास नसेल तर पुढचे सगळे आकडे फुकट. पतपेढीच्या वहीचं जे महत्त्व, तेच इथे काट्याचं.

मग वेळ. ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास गेले? तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरही कमी होते. चोवीस तासांच्या आत गाळप झालेलं बरं. रोज ५०० टनांचा कारखाना म्हणजे तासाला साधारण २१ टन. गिरणी दोन तास बंद पडली की ४० टनांहून जास्त ऊस बाहेर उन्हात उभा, बैलगाड्यांची रांग लागलेली. म्हणून बंद तासांची नोंद कारणासकट ठेवतात. ऊस नव्हता म्हणून बंद, यंत्र बिघडलं म्हणून बंद, की प्रक्रियेत अडकलं म्हणून बंद? कारण वेगळं तर उपाय करणारं खातंही वेगळं. पहिल्याला शेतकी विभाग जबाबदार, दुसऱ्याला इंजिनिअरिंग, तिसऱ्याला केमिस्ट.

आणि सगळ्यात गाजलेला आकडा म्हणजे उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, ते टक्क्यांत. ५०० टनांवर उतारा दहा टक्के असेल तर दिवसाला ५०० क्विंटल साखर. उतारा फक्त एक दशांश टक्क्याने वाढला तर रोज पाच क्विंटल जास्त. दीडशे दिवसांच्या हंगामात ७५० क्विंटल. ऊस तोच, मजूर तेच, बॉयलर तोच. आजही शेतकऱ्याचा भाव याच्याशी बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. शंभर टन ऊस घालणाऱ्याच्या घरात त्या एक दशांशाने ३,४६० रुपये येतात किंवा येत नाहीत. मुलीची फी, मोटारीचं बिल, काहीही समजा.

उतारा कमी आला तर साखर गेली कुठे, हेही मोजावं लागतं. काही बगॅसमध्ये गेली, काही मळीत, काही प्रेसमडमध्ये आणि काहीचा पत्ताच लागत नाही. हा शेवटचा आकडा फार बोलका असतो. तो वाढला की कुठेतरी गळती आहे, नाहीतर कोणीतरी नीट मोजत नाहीये.

आता खरी गंमत. हे आकडे एकमेकांशी भांडतात. दिवसाचं गाळप वाढवायचं म्हणून गिरणीत जास्त ऊस ढकलला की रस नीट पिळला जात नाही आणि साखर बगॅसबरोबर निघून जाते. बगॅसमधली साखर वाचवायची म्हणून जास्त पाणी मारलं की तेच पाणी पुढे आटवायला जास्त वाफ लागते, म्हणजे जास्त बगॅस जाळावा लागतो. एकट्या गाळपाचा आकडा फळ्यावर लिहून त्यावर शाबासकी द्यायला लागलो, तर लोक गाळप वाढवून दाखवतील आणि शेतकऱ्याचा भाव मात्र उतरेल. कोणीही कामचुकारपणा केलेला नसतो. फळ्याने जे मागितलं ते त्यांनी दिलेलं असतं.

हे मला नीट पटलं ते नागापूरला. एम.आय.डी.सी.तल्या एका छोट्या युनिटमध्ये मी ट्रेनिंगला जात होतो, नाव इथे महत्त्वाचं नाही. मालकांचं धोरण मोठं हुशारीचं होतं. मोठ्या कारखान्यांना परवडत नाहीत अशा लहान लहान ऑर्डर घ्यायच्या, दहा प्रकारचे पार्ट, प्रत्येकी थोडे नग, पण चार दिवसांत पोहोच. शॉपमध्ये फळा होता आणि त्यावर एकच आकडा: शिफ्टमागे किती नग. मशीनचं सेटिंग बदलायला पाऊण तास जायचा. साहजिकच ऑपरेटर एकच पार्ट जास्तीत जास्त काढून ठेवायचे, कारण सेटिंग बदललं की फळ्यावरचा आकडा खाली. परिणाम असा की नको असलेल्या पार्टचा ढीग आणि ज्याची घाई त्याला उशीर. नगांचा आकडा चढता, मशीन सुरू, माणसं घामाघूम, आणि धोरण रोज थोडं थोडं हरत होतं. तिथे नगांपेक्षा सेटिंग बदलायला लागणारा वेळ आणि वेळेत गेलेल्या ऑर्डरी हे दोन आकडे लिहायला हवे होते.

१९९२ साली रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन या दोघांनी बॅलन्स्ड स्कोअरकार्डची कल्पना मांडली, ती आपल्याला अभ्यासाला आहे. पैसा, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिकणं-वाढणं, या चार बाजूंनी कंपनीकडे पाहायचं आणि प्रत्येक मोजमाप धोरणाशी जोडायचं. मी हा तक्ता प्रवरानगरला लावून पाहिला. पैशाच्या बाजूला नफ्याऐवजी उसाचा अंतिम भाव येतो. ग्राहकाच्या जागी सभासद, कारण कारखाना आधी त्याचा आहे. प्रक्रियेच्या बाजूला काटा, बंद तास, उतारा, गळती. आणि चौथ्या बाजूला काय? विठ्ठलरावांनी त्याचंही उत्तर दिलंय. १९६४ साली प्रवरानगरला प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झालं. साखरेच्या पैशातून शाळा काढणं हा दानधर्म वाटतो, पण ज्या कारखान्याचे मालक शेतकरी आहेत, त्याच्या पुढच्या पिढीला ताळेबंद वाचता आला नाही तर मालकी नावापुरतीच उरणार. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. अर्थात, विठ्ठलरावांनी असला तक्ता कधी काढला, असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या कामात तो बसतो, एवढंच.

कौतुक करताना एक गोष्ट लपवायची नाही. फळ्यावर जे लिहिलं जात नाही, ते मोजलंही जात नाही. सहकारी साखर कारखानदारीच्या हिशेबात दोन रकाने वर्षानुवर्षं कोरे राहिले. एक ऊसतोड मजुरांचा. बीड आणि आपल्या पाथर्डी भागातून दरसाल कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्या सभासद नव्हत्या, त्यामुळे भावाच्या आकड्यात त्यांचा घाम दिसला नाही. त्यांच्या मुलांच्या शाळा हंगामासोबत बुडत राहिल्या. दुसरा पाण्याचा. एक टन उसाला किती पाणी लागलं हे काट्यावर येत नाही. ज्या जिल्ह्याने दुष्काळ पाहिलाय, तिथे हा रकाना पहिला असायला हवा होता. धोरणच पिकवणाऱ्यापुरतं होतं, म्हणून मोजमापही तिथेच थांबलं. हा दोष एका माणसाच्या माथी मारता येणार नाही, पण पुढच्यांनी तो रकाना का भरला नाही, हे विचारायला हवं.

मोजमाप एकदा ठरलं की कायमचं, असंही नसतं. २०१८ नंतर इथेनॉलला चांगला दर मिळायला लागला, तेव्हा कारखाने बी-हेवी मळी आणि थेट रससुद्धा इथेनॉलकडे वळवू लागले. साखर कमी तयार होणार, म्हणजे दिसणारा उतारा खाली येणार. जुनाच आकडा जुन्याच पद्धतीने वाचला तर वाटेल कारखाना ढासळला. खरं तर धोरण बदललंय आणि पट्टी बदलायची राहिली आहे. इथेनॉलकडे गेलेली साखर उताऱ्यात धरून हिशेब केला नाही, तर भावात मार पुन्हा शेतकऱ्यालाच.

१९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. तोपर्यंत प्रवरेचा कित्ता राज्यात अनेकांनी गिरवायला घेतला होता. आज महाराष्ट्रात हंगामात दोनशेच्या आसपास कारखाने चालतात, त्यात सहकारी आहेत तसे खासगीही. काही सहकारी कारखाने उत्तम चालले, काही कर्जात बुडाले, काही विकले गेले. कागदावर धोरण सगळ्यांचं तेच होतं. आत काय मोजलं गेलं आणि ते सभासदांसमोर उघडं ठेवलं गेलं का, यात खूप काही ठरलं असावं असं मला वाटतं.

१९८० साली विठ्ठलराव गेले. प्रवरानगरच्या कारखान्याला आज त्यांचं नाव आहे. एवढ्या मोठ्या माणसाविषयी लिहायचं तर आपण सहसा त्यांची पदं आणि पुरस्कार मोजतो. मी इथे काटा, बंद तास आणि उतारा मोजत बसलो, कारण सभासदाला त्यांनी उभं केलेलं काम याच आकड्यांतून रोज दिसत होतं.

मित्रांनो, पुढच्या वर्षी आपल्यातले बरेचजण नागापूरच्या एम.आय.डी.सी.त ट्रेनिंगला, काही नोकरीला जातील. पहिल्या दिवशी शॉपमधला फळा बघा. त्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवून घ्या. मग संधी साधून मालकांना किंवा साहेबांना विचारा की हा कारखाना नेमका कशासाठी चालवताय. आणि रात्री खोलीवर आल्यावर दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहा. जुळली तर चांगल्या ठिकाणी लागलात. नाही जुळली, तर प्रोजेक्टला विषय मिळाला.